जो-हॅन: डेट्रॉइटच्या चिमुकल्या गाड्या आणि हरवत गेलेला ‘सोर्स कोड’

तुमच्या फोनमध्ये एखादा जुना गेम असेल, जो आता प्ले स्टोअरवर सापडतच नाही. जुन्या फोनमध्ये तो अजून चालतो. पण फोन बदलला की संपलं. ज्याने तो बनवला त्या कंपनीने गाशा गुंडाळलेला असतो, आणि त्याचा कोड नेमका कुणाकडे आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

आज मी तुम्हाला अशाच एका गोष्टीबद्दल सांगणार आहे. फक्त ती ॲपची नाही, प्लास्टिकच्या गाड्यांची आहे. कंपनीचं नाव जो-हॅन. तुम्ही ऐकलं नसेल, मीही ऐकलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त मी काही महिने अमेरिकेत, मिशिगन राज्यात होतो. एका रविवारी जुन्या वस्तूंच्या बाजारात फिरताना एका टेबलावर तांबूस-सोनेरी रंगाची एक छोटी गाडी दिसली. माझ्या फोनपेक्षा थोडी लांब. मला वाटलं खेळणं असेल. पण हातात घेतली आणि बघतच राहिलो. मागचे दिवे रॉकेटच्या नळकांड्यांसारखे, पुढच्या दिव्यांभोवती पंख्याच्या पात्यांसारखी नक्षी, आणि सगळं इतकं रेखीव की खरी गाडीच कुणीतरी छोटी करून ठेवली आहे असं वाटावं. विकणारे आजोबा म्हणाले, ‘‘ही खेळण्याच्या दुकानातली नाही. ही गाडीच्या कंपनीने वाटलेली आहे.’’

तिथून मी या विषयात शिरलो तो अजून बाहेर आलेलो नाही.

शोरूममधली छोटी गाडी

आज नवीन फोन येणार असेल तर आपण काय करतो? यूट्यूबवर अनबॉक्सिंग बघतो, वेबसाईटवर फोन गोल फिरवून रंग बघतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत नवीन गाडी यायची तेव्हा यातलं काहीच नव्हतं. रंगीत टीव्हीसुद्धा घरोघरी नव्हता. मग ग्राहकाला गाडी दाखवायची कशी? आणि तो घरी गेल्यावर त्याच्या डोक्यात ती टिकवायची कशी?

यावर डेट्रॉइटच्या गाडी कंपन्यांनी एक झकास उपाय शोधला होता. नव्या गाडीची हुबेहूब प्लास्टिकची छोटी प्रतिकृती बनवून घ्यायची आणि डीलरकडे पाठवायची. याला म्हणायचे ‘प्रोमोशनल मॉडेल’, थोडक्यात ‘प्रोमो’. डीलर ती काउंटरवर ठेवायचे, ग्राहकाला भेट द्यायचे, किंवा थोड्या पैशात विकायचे. वडील गाडी बघायला गेले की मुलाच्या हातात ही छोटी गाडी पडायची. पुढचे चार दिवस घरात त्याच गाडीचा विषय!

प्रोमोचे रंगसुद्धा मनाला येईल ते नसायचे. खऱ्या गाडीच्या रंगपत्रकात जे रंग असतील, त्यांच्याशी जुळणारेच. काही प्रोमोंच्या पोटाखाली, म्हणजे चासीवर, खऱ्या गाडीची वैशिष्ट्यं कोरलेली असायची. स्पेसिफिकेशन शीटच म्हणा ना.

या गाड्यांचं प्रमाण ठरलेलं असे: १/२५. म्हणजे खऱ्या गाडीचे २५ सेंटिमीटर बरोबर मॉडेलचा १ सेंटिमीटर. मी घेतलेली गाडी ज्या खऱ्या गाडीची आहे ती सुमारे ५.१ मीटर लांब होती, म्हणून मॉडेल साधारण २० सेंटिमीटर. ऐकायला सोपं वाटतं. पण खऱ्या गाडीच्या दरवाजाभोवतीची ५ मिलिमीटरची फट मॉडेलवर येते ती फक्त ०.२ मिलिमीटरची. आणि ती पोलादी साच्यात आणायची, संगणक नसताना! कशी ते पुढे बघू.

जॉनमधला ‘जो’, हॅन्लीमधला ‘हॅन’

जो-हॅनची सुरुवात १९४७ ची, डेट्रॉइटमध्ये. संस्थापक जॉन हॅन्ली हे टूल अँड डाय मेकर, म्हणजे साचे बनवणारे कारागीर. कंपनीचं पहिलं नाव होतं ‘आयडियल मॉडेल्स’. पण ‘आयडियल’ नावाची एक मोठी खेळण्यांची कंपनी आधीपासून होती, त्यामुळे हे नाव बदलावं लागलं. मग मालकाच्याच नावाचे दोन तुकडे जोडून ‘जो-हॅन’ झालं.

डेट्रॉइटच्याच परिसरात पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, एएमटी नावाची कंपनी सुरू झाली. नावाचा अर्थ ‘ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज’, कारण त्यांची पहिली गाडी ॲल्युमिनियमची होती. नंतर तेही प्लास्टिककडे वळले. १९६० च्या दशकात एमपीसी ही आणखी एक कंपनी आली. आज मॉडेल गाड्यांची आवड असलेल्या कुणालाही विचारा, एएमटी, एमपीसी, रेव्हेल, मोनोग्राम ही नावं पटापट येतील. जो-हॅनचं नाव येईल ते थोडं थांबून.

पण जो-हॅनकडे जे काम होतं ते चिल्लर नव्हतं. कॅडिलॅक, ओल्ड्समोबिल, प्लिमथ, डॉज, क्रायस्लर, रॅम्बलर अशा गाड्यांचे प्रोमो त्यांनी बनवले. गंमत बघा. एएमटीचं नाव जास्त करून फोर्ड आणि शेवरलेशी जोडलं गेलं, ज्या गल्लोगल्ली दिसायच्या. जो-हॅनच्या वाट्याला बऱ्याचदा त्या गाड्या आल्या ज्यांना नंतर लोक विसरले. रॅम्बलर बनवणारी कंपनी आज नाही. प्लिमथ नाही. ओल्ड्समोबिलही नाही. त्यामुळे या गाड्यांपैकी कित्येकींचं १/२५ मधलं जुनं रूप बघायचं तर जो-हॅनकडेच यावं लागतं.

मोदकाचा साचा आणि गाडीचा साचा

आता जरा तंत्रज्ञान बघूया, कारण पुढची सगळी गोष्ट साच्याभोवती फिरते.

माझे काका भोसरीत एका टूल रूममध्ये बरीच वर्षं काम करत होते. ती गाडी मी घरी आणली तेव्हा सगळ्यांनी रंगाचं कौतुक केलं. काकांनी मात्र खिशातून चष्मा काढला, गाडी उलटी केली आणि पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘‘अरे, ही बॉडी एकाच तुकड्यात काढली आहे. साचा किती बाजूंनी उघडत असेल बघ.’’

मला कळेना यात एवढं काय. काकांनी स्वयंपाकघरातून मोदकाचा साचा आणायला लावला. मोदकाचा साचा दोन पाकळ्यांचा असतो. सारण भरा, दाबा, पाकळ्या उघडा, मोदक बाहेर. कळ्या वरून खाली सरळ असतात म्हणून साचा अडकत नाही. ‘‘आता समज,’’ काका म्हणाले, ‘‘मोदकाच्या चारी बाजूंना वेगवेगळे खड्डे आणि उंचवटे आहेत. दोन पाकळ्यांत निघेल का? नाही. तो अडकेल आणि तुटेल.’’

गाडीच्या बॉडीचं तेच आहे. डाव्या-उजव्या बाजूला दरवाजांच्या रेषा आणि हँडल, पुढे दिव्यांच्या खोबणी, मागे डिकीची रेषा, वर छप्पर, आत पोकळ जागा. हे सगळं एकाच तुकड्यात हवं असेल तर साच्याला बाजूला सरकणारे भाग लागतात. प्लास्टिक थंड झालं की डावा भाग डावीकडे सरकतो, उजवा उजवीकडे, पुढचा पुढे, मागचा मागे, आणि मग बॉडी सुटते. प्रत्येक सरकत्या भागाची बाजूच्या भागाशी गाठ तंतोतंत बसली पाहिजे. जरा फट राहिली तर त्यातून वितळलेलं प्लास्टिक बाहेर येतं आणि कडेला पातळ पापुद्रा धरतो. त्याला कारखान्यात ‘फ्लॅश’ म्हणतात.

या प्रक्रियेचं नाव इंजेक्शन मोल्डिंग. प्लास्टिकचे दाणे तापवून वितळवायचे, मोठ्या दाबाने बंद साच्यात घुसवायचे, थंड करायचे, साचा उघडायचा, आणि इजेक्टर पिनांनी वस्तू बाहेर ढकलायची. प्लास्टिक थंड होताना थोडं आक्रसतं. मॉडेलसाठी वापरतात त्या पॉलिस्टायरीनमध्ये हे आक्रसणं साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं. म्हणून साचा तेवढा मोठा ठेवावा लागतो.

आणि १९५०-६० मध्ये हा साचा बनवायचे कसा? आधी कुशल कारागीर लाकडात मोठ्या आकाराचा नमुना कोरायचे. मग ‘पँटोग्राफ’ नावाचं यंत्र लागायचं. त्याच्या एका टोकाची सुई मोठ्या नमुन्यावरून फिरवायची, आणि दुसऱ्या टोकाला लावलेलं कटर तोच आकार छोट्या प्रमाणात पोलादात कापत जायचं. शेवटची सफाई हाताने. साचा पूर्ण व्हायला महिने लागायचे, आणि गाडी शोरूममध्ये येते त्याच वेळी प्रोमो तयार हवा. त्यामुळे गाडी कंपनीला आपली गुपित ड्रॉइंग्ज या लोकांना आधीच द्यावी लागत. म्हणजे फोन बाजारात येण्याआधी कव्हर बनवणाऱ्याला त्याची मापं मिळतात ना, अगदी तसं.

तुम्हाला हे स्वतः बघायचं असेल तर फोनचा चार्जर हातात घ्या. कडेने एक बारीक रेष दिसते का बघा. साच्याचे दोन भाग किंवा चार्जरचे दोन तुकडे तिथे जुळलेत. एखाद्या प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणाच्या आत छोटे गोल ठसे दिसतील, ते इजेक्टर पिनांचे. आणि बादलीच्या बुडाशी मध्यभागी एक टोचरा ठिपका असतो, तिथून प्लास्टिक आत शिरलं. त्याला ‘गेट’ म्हणतात. एकदा हे दिसायला लागलं की घरातली प्रत्येक वस्तू तुम्हाला आपला साचा सांगायला लागते.

वाकड्या झालेल्या गाड्या

जो-हॅनच्याच नव्हे तर त्या काळातल्या सगळ्याच प्रोमोंना एक आजार होता. सुरुवातीच्या गाड्या सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकच्या असायच्या. नव्या असताना चकचकीत. पण हे प्लास्टिक हवेतला ओलावा शोषतं, त्यातलं मऊपणा देणारं द्रव्य हळूहळू निघून जातं, आणि काही वर्षांत ते आक्रसतं. परिणाम? गाडीचं छप्पर खाली बसतं, बॉनेट वर उचलतं, आणि दिमाखदार गाडी केळ्यासारखी वाकडी होते.

साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कंपन्या पॉलिस्टायरीनवर आल्या आणि हा त्रास संपला. सीडीचं पारदर्शक कव्हर ज्या प्लास्टिकचं असायचं तेच हे. कडक, ठिसूळ, पण आकार न सोडणारं. म्हणूनच आज संग्राहकाने १९५७ ची सरळ, न वाकलेली गाडी दाखवली तर बाकीचे संग्राहक लगेच जवळ येऊन बघतात.

डब्यातली गाडी, स्वतः जोडायची

१९५८ मध्ये एएमटीने एक नवी गोष्ट आणली. गाडी तयार न देता सुट्या भागांचं किट द्यायचं, आणि एकाच डब्यातून तीन प्रकारांनी जोडता येईल एवढे भाग टाकायचे. मुलांनी ते डोक्यावर घेतलं. जो-हॅननेही किटच्या बाजारात उडी घेतली. हिशेब सोपा होता. प्रोमोसाठी गाडी कंपनीच्या कामातून साचा तयार झालेलाच आहे, त्यात इंजिन आणि थोडे जास्तीचे भाग जोडले की किट तयार. एकच कोड, दोन ॲप!

जो-हॅनची किट्स विषयाने जरा वेगळी असायची. त्यांनी १९६६ च्या कॅडिलॅकची रुग्णवाहिका काढली, आणि शववाहिकासुद्धा! ‘हेवन्ली हर्स’ अशा नावाने ती विकली जायची. ‘गोल्ड कप’ नावाच्या मालिकेत १९३१ ची सोळा सिलिंडरची कॅडिलॅक आणि मर्सिडीज ५०० के अशा जुन्या राजेशाही गाड्या होत्या. रेसिंगवाल्यांसाठी रिचर्ड पेटीची १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड होती, मागे उंच पंख असलेली.

आणि त्यांचं सगळ्यात नावाजलेलं काम म्हणजे मी बाजारातून आणलेली ती तांबूस-सोनेरी गाडी.

खरी गाडी भंगारात, छोटी गाडी कपाटात

ती गाडी म्हणजे क्रायस्लर टर्बाइन कार. ही गोष्ट तंत्रज्ञानाची आवड असलेल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी.

क्रायस्लरला वाटत होतं की गाडीत पिस्टनचं इंजिन कशाला? विमानासारखं टर्बाइन बसवू. हलणारे भाग कमी, देखभाल कमी. १९६३-६४ मध्ये त्यांनी अशा ५५ गाड्या बनवल्या, ५ सुरुवातीचे नमुने आणि ५० लोकांना वापरायला देण्यासाठी. बॉडी इटलीतल्या ट्युरिनच्या घिया कंपनीकडून यायची, आणि लोकांना दिलेल्या सगळ्या गाड्या तांबूस-सोनेरी रंगाच्या. या गाड्या २०३ सर्वसामान्य कुटुंबांना प्रत्येकी तीन महिने वापरायला दिल्या. मिळून दहा लाख मैलांपेक्षा जास्त अंतर त्या चालल्या. आजच्या भाषेत ही बीटा टेस्टिंगच की!

गाडी डिझेलवर चाले, रॉकेलवर चाले, विमानाच्या इंधनावर चाले. मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी तिच्यात टकिला घालून चालवली असं सांगतात. चालत नसे ते त्या काळचं नेहमीचं शिसंयुक्त पेट्रोल! गाडीचं इंजिन मिनिटाला ४४,००० पेक्षा जास्त फेऱ्या घेऊ शकायचं.

१९६६ मध्ये प्रयोग संपला. इंधन जास्त लागायचं, बनवायला खर्च प्रचंड होता. मग क्रायस्लरने ५५ पैकी ४६ गाड्या नष्ट केल्या. फक्त ९ उरल्या. बहुतेक संग्रहालयांत, आणि एक अमेरिकन विनोदवीर जे लेनो यांच्या संग्रहात.

आता विचार करा. ज्या मुलाने १९६४ मध्ये शेजाऱ्याच्या अंगणात ही गाडी बघितली, त्याला ती विकत घ्यायची सोय कधीच नव्हती. पण जो-हॅनचा १/२५ चा प्रोमो आणि किट मिळत होतं. किटमध्ये तर बॉनेट उघडून आत टर्बाइन दिसायचं. खरी गाडी भंगारात गेली आणि प्लास्टिकची कपाटात राहिली. त्या गाडीची रेष न रेष घरी बसून बघायची असेल तर जो-हॅनचं मॉडेल हा एक मार्ग.

बॅकअप न घेता केलेले बदल

आता येऊया त्या भागाकडे, ज्यामुळे मी सॉफ्टवेअरवाला असूनही हा लेख लिहितोय.

अमेरिकन गाड्या त्या काळी दरवर्षी थोड्या बदलायच्या. या वर्षी जाळी वेगळी, पुढच्या वर्षी दिवे वेगळे. मग मॉडेल कंपनीने दरवर्षी संपूर्ण नवा साचा बनवायचा का? परवडणार कसं? म्हणून गेल्या वर्षीचाच साचा घ्यायचे आणि त्यात बदल करायचे.

काकांनी मला इथलं गणित समजावलं. साच्यात सगळं उलटं असतं. साच्यातून पोलाद कापलं, की वस्तूवर उंचवटा येतो. हे सोपं. पण वस्तूवरचा उंचवटा काढायचा असेल तर साच्यातला खड्डा भरावा लागतो. म्हणजे वेल्डिंग करा, पुन्हा घासा, पुन्हा पॉलिश करा. आणि एकदा कापलेलं पोलाद काही ‘अनडू’ करता येत नाही.

म्हणजे काय झालं बघा. १९६१ च्या गाडीसाठी साचा बदलला, की १९६० ची गाडी त्या साच्यातून पुन्हा कधीच निघणार नाही. फाईल उघडली, बदल केले आणि त्याच नावाने सेव्ह केली! जुनी आवृत्ती गेली. कुणाचा हलगर्जीपणा होता असं नाही. गेल्या वर्षीची गाडी दहा वर्षांनी कुणाला हवी असेल, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. गेल्या वर्षीच्या फोनचं कव्हर कोण जपून ठेवतं?

पण तसं झालं. सत्तरच्या दशकात तीच मुलं मोठी झाली आणि लहानपणीच्या गाड्या शोधू लागली. तेव्हा ज्यांचे साचे न बदलता शिल्लक होते, किंवा मागे नेता येण्यासारखे होते, त्यांनाच परत बाजारात आणता आलं. जो-हॅनने ‘यूएसए ओल्डीज’ नावाने आपल्या जुन्या किट्सची मालिका पुन्हा काढली. टर्बाइन कारसुद्धा त्यात परत आली. साचा जपला होता, म्हणून परत काढता आली. बस, एवढाच फरक.

कंपनी विकली, साचे फिरले

पुढे धंदा आटत गेला. गाडी कंपन्यांचं प्रोमो वाटणं कमी झालं. १९७३ च्या तेलसंकटानंतर प्लास्टिक महागलं, कारण पॉलिस्टायरीन पेट्रोलियमपासूनच बनतं. मुलांचा वेळही दुसरीकडे जाऊ लागला. मोठ्या कंपन्यांनाही याची झळ बसली. एएमटी विकली गेली, एमपीसी विकली गेली, दोघींचे मालक बदलत गेले.

जो-हॅन १९९१ च्या सुमारास दुसऱ्या कंपनीकडे गेली. त्यानंतर शिल्लक साचे आणि नाव केंटकी राज्यातल्या कॉव्हिंग्टन गावच्या एका मॉडेलप्रेमी उद्योजकाकडे आलं. त्यांनी काही किट्स पुन्हा काढून दाखवली. पण डेट्रॉइटमधल्या जुन्या दिवसांसारखं सलग उत्पादन काही परत उभं राहिलं नाही. नवीन मॉडेल येणं थांबलं.

एएमटी आणि एमपीसीचं काय झालं? त्यांचे साचे बऱ्याच हातांतून फिरून शेवटी ‘राउंड २’ नावाच्या एका कंपनीकडे पोचले. त्या कंपनीने साचे नीट तपासले, दुरुस्त केले, काही ठिकाणी हरवलेले भाग नव्याने बनवले. म्हणून आज तुम्ही साठच्या दशकातलं एएमटीचं किट नव्या डब्यात विकत घेऊ शकता. जो-हॅनचं हवं असेल तर बहुतेक वेळा जुन्या बाजारातच शोधावं लागतं.

तुम्ही म्हणाल, साचा म्हणजे पोलाद, त्याला काय होतंय? मलाही तसंच वाटायचं. काका हसले. म्हणाले, ‘‘साचा हा एक ठोकळा नसतो रे. त्याचे कित्येक सुटे भाग असतात. सरकणारे, बदलायचे, पिना, बुश. शेजारी-शेजारी ठेवले तर कुठला कशात बसतो हे फक्त बनवणाऱ्याला माहीत. तो निवृत्त झाला की संपलं. तेल लावून ठेवला नाही तर एका पावसाळ्यात गंज चढतो. आणि गंजाचा प्रत्येक ठिपका पुढे प्लास्टिकवर उमटतो.’’

वर हे साचे जड. हलवायला क्रेन लागते. ठेवायला भक्कम जमीन, चालवायला योग्य मापाचं मशीन. कंपनी एका गावाहून दुसऱ्या गावी गेली की एखादी पेटी मागे राहते. एक सरकता भाग हरवला तर बाकीचा टनभर पोलाद असून नसल्यासारखा. आमच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड आहे, पण एक लायब्ररी गायब आहे आणि बिल्ड होत नाही.

मग आता काय करतात?

हौशी लोक गप्प बसलेले नाहीत. एक मार्ग जुना आहे. शिल्लक असलेल्या बॉडीवरून सिलिकॉन रबराचा साचा घ्यायचा आणि त्यात रेझिन ओतून प्रती काढायच्या. पण रबराचा साचा थोड्याच प्रतींत खराब होतो, आणि प्रतीवरून प्रत काढत गेलं की रेषा बोथट होत जातात. व्हॉट्सॲपवर पन्नास वेळा फॉरवर्ड झालेला फोटो कसा दिसतो, तसं.

दुसरा मार्ग नवा. जुनं मॉडेल थ्री-डी स्कॅन करायचं, संगणकावर दुरुस्त करायचं आणि थ्री-डी प्रिंट काढायची. हे मी स्वतः बघितलंय आणि भारी वाटतं. पण स्कॅनमध्ये येतो तो फक्त बाहेरचा आकार. साच्याचा कुठला भाग कुठे सरकत होता, प्लास्टिक कुठून आत यायचं, भिंत किती जाड ठेवली होती आणि का, हे कळत नाही. ते सगळं अंदाजाने परत बांधावं लागतं. एपीके फाईल उलगडून कोड वाचण्यासारखंच हे. ॲप काय करतं ते कळतं, पण लिहिणाऱ्याने तसं का केलं ते कळत नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर

माझ्या पहिल्या नोकरीत आमच्याकडे एका ग्राहकाचं जुनं अँड्रॉइड ॲप आलं. छोटा बदल होता, एका फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायचा. तासाभराचं काम. पण सोर्स कोड कुणाकडेच नव्हता. ज्याने लिहिला तो दोन नोकऱ्या बदलून गेला होता, त्याचा लॅपटॉप पुसून दुसऱ्याला दिलेला. शिल्लक होती ती फक्त एपीके. एका रकान्यासाठी आम्ही तिघांनी ते संपूर्ण ॲप नव्याने लिहिलं, दोन महिने घालवून. तेव्हा मला वाटलं होतं की हा आपल्याच धंद्यातला गबाळेपणा आहे. जो-हॅनची गोष्ट वाचल्यावर कळलं की हे त्याहून जुनं दुखणं आहे.

वस्तू जपणारे खूप असतात. काचेच्या कपाटात गाड्या ठेवणारे, जुने फोन जपणारे. वस्तू जिच्यातून बनते ती गोष्ट जपणारे कमी. कारण साचा दिसायला कुरूप, जड, तेलकट. कोडही तसाच, त्याचा कुणी फोटो काढून स्टेटसला ठेवत नाही. पण कपाटातली गाडी तुटली तर एक गाडी कमी होते. साचा गेला तर ती गाडी बनणंच थांबतं.

तुम्ही इंजिनिअरिंगला असाल आणि कॉलेजसाठी काही बनवलं असेल, तर त्याची एपीके मित्रांना पाठवून थांबू नका. कोड कुठेतरी नीट ठेवा, आणि सोबत चार ओळींची नोंद लिहा: काय आहे, कसं चालवायचं, काय अर्धवट आहे. थ्री-डी प्रिंटसाठी काही डिझाईन केलं असेल तर मूळ फाईल ठेवा, फक्त प्रिंटची नको. आणि मोठा बदल करण्याआधी जुन्याची एक प्रत बाजूला काढा. साठ वर्षांपूर्वी डेट्रॉइटच्या कारागिरांना हे परवडत नव्हतं, कारण एक प्रत म्हणजे पोलादाचा आणखी एक साचा. आपल्याला ती फुकट पडते.

ती तांबूस-सोनेरी गाडी आता माझ्या टेबलावर, मॉनिटरच्या खाली असते. काका आले की अजूनही आधी ती उलटी करून बघतात, मग मला विचारतात, ‘‘काय रे, कसा आहेस?’’